सुताआधीची लोकर

हातकताई म्हटली की चरखा डोळ्यांपुढे येतो. परंतु सूत कसे निघणार, हे बहुतांशी चरख्यापूर्वीच ठरलेले असते. आपल्या परिचयाच्या घोंगडीच्या लोकरीवरून आम्ही ते येथे स्पष्ट करीत आहोत.

दख्खनी मेंढीची लोकर भरड असते. मऊ तंतूंबरोबर तिच्यात जाड, केसाळ तंतूही असतात. म्हणून कातरणीनंतरचे पहिले काम निवडीचे. पोटाखालची व पायांची मळकी लोकर बाजूला काढावी. काळी, पांढरी, करडी निराळी ठेवावी. कोकरांच्या पहिल्या कातरणीची लोकर म्हणजे ‘जावळ’. ती सर्वांत मऊ, म्हणून तिचा ढीग स्वतंत्र असावा. लोकर धुताना कढत पाण्यात चोळू नये. तंतूंवरील सूक्ष्म खवले एकमेकांत अडकतात आणि घट्ट बसलेली लोकर पुन्हा उकलत नाही.

वाळलेल्या लोकरीतील काटे-कुसळे वेचली की मिसळण करावी. राखी रंग हवा असेल, तर काळी व पांढरी लोकर वजनाने घ्यावी. एकीचा पातळ थर, त्यावर दुसरीचा, असे थर रचावेत आणि कडेकडून सर्व थर एकदम येतील अशी लोकर उचलावी. म्हणजे प्रत्येक मुठीत प्रमाण सारखे राहते. भरड लोकरीत जावळ मिसळण्याचीही हीच रीत.

पिंजताना धनुष्याची तात लोकरीत थरथरते, गुंते सुटतात, धूळ झडते. रंगाचे पट्टे दिसल्यास पुन्हा पिंजावे. मग हलक्या हाताने पेळू वळावेत. पेळूत गाठ राहिली, तर सूत तेथे जाड होते. पीळ बारीक भागाकडे धावतो, जाड भाग सैल राहतो आणि मागावर ताण पडताच तेथेच उसवतो.

आज अनेक ठिकाणी लोकरीचे मोल कातरणीच्या मजुरीलाही पुरत नाही. ती रानातच टाकली जाते. लोकरीबरोबर तिची पारख असलेली माणसेही कमी होत आहेत. किती पिंजले म्हणजे पुरे, हे बोटांनाच कळते आणि ते बोटांकडूनच शिकावे लागते. ज्यांच्या घरी हे काम जाणणारे आजी-आजोबा आहेत, त्या पालकांनी सुट्टीत मुलांना त्यांच्याजवळ बसवावे. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना ही विद्या येते, त्यांनी लोकर घेऊन एक दिवस शाळेत यावे, ही आमची आग्रहाची विनंती.