'भावा, कोड टाक' म्हणणारा मित्र

दरवर्षी 1 जानेवारीला लाखो भीमसैनिक पेरणे येथील विजयस्तंभाला मानवंदना द्यायला येतात. नदीच्या अलीकडचे कोरेगाव भीमा हे गाव शिरूर तालुक्यातले. 1927 साली बाबासाहेब स्वतः या स्तंभापाशी आले होते. त्याच शिरूर तालुक्यात आज सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगावच्या कारखान्यांत आणि शेजारच्या दौंड तालुक्यात कुरकुंभच्या रासायनिक कंपन्यांत आमची मुले ठेकेदाराच्या हाताखाली राबत आहेत. मराठवाड्यातून, विदर्भातून आलेली, एकेका खोलीत पाच-सहा जण राहणारी. महिन्याच्या सात ते दहा तारखेला पगार खात्यावर पडतो आणि त्याच रात्री मोबाईलवर निरोप येतो, 'भावा, कोड टाक, पाचशे बोनस घे!'

हा निरोप पाठवणारा कुणी दुबईतला शेठ नसतो. तो शेजारच्या खोलीतला असतो. जयंतीच्या मिरवणुकीत खांद्याला खांदा लावून चालणारा, 'जय भीम' घातल्याशिवाय बोलायला सुरुवात न करणारा आपलाच पोरगा असतो. आमचे दुखणे इथे आहे.

मागच्या महिन्यात आम्ही शिरूरहून न्हावरे, चौफुला करत दौंडला गेलो. एका कार्यकर्त्याच्या घरी असाच एक 'कोडवाला' भेटला. वय तेवीस. आयटीआय झालेला. आधी कंपनीत हेल्पर, ठेका संपल्यावर घरी. त्याने आम्हाला सगळा हिशेब न लाजता समजावून सांगितला. या धंद्याला अॅफिलिएट मार्केटिंग म्हणतात. जुगाराचे अॅप चालवणारा प्रत्येकाला वेगळा कोड किंवा लिंक देतो. त्या कोडवरून कुणी पैसे भरले की कोडवाल्याच्या नावावर नोंद होते. मोबदला दोन तऱ्हेने मिळतो. एक तर माणशी ठरलेली रक्कम. दुसरी तऱ्हा अशी की, आणलेला माणूस जेवढे हरेल त्याच्या काही टक्के, आणि तेही तो खेळत राहील तोपर्यंत. म्हणजे मित्र जिंकला तर कोडवाल्याला काही नाही, मित्र बुडाला तरच याची चूल पेटणार! आम्ही त्याला विचारले, 'हे त्यांना सांगतोस का?' तो म्हणाला, 'काका, सांगितलं तर कोण खेळेल?'

मटक्याची चिठ्ठी लिहिणाराही कमिशन खात होता. पण तो टपरीवर बसलेला दिसत होता, वस्तीत त्याची ओळख 'मटकेवाला' अशीच होती, आणि आई पोराला त्याच्या टपरीकडे फिरकू देत नव्हती. कोडवाला मात्र मित्र म्हणून येतो. लाखाच्या बक्षिसाचा स्क्रीनशॉट दाखवतो, तो बहुधा बनवलेला. अॅपवाल्याने दिलेल्या डेमो खात्यावर खोट्या पैशाने खेळून 'बघ, कसा जिंकलो' म्हणतो. टेलिग्रामवर 'आजचा पक्का सिग्नल' विकतो. विमान कधी उडून जाणार हे त्याला ठाऊक असते, तर तो कोड वाटत कशाला फिरला असता?

आणि त्यातून पुढचा फास. 'तुझे बँक खाते दे, महिन्याला भाडे देतो.' ज्या खात्यावर शिष्यवृत्ती यायची त्याच खात्यातून सट्ट्याचा पैसा फिरतो. महादेव अॅपच्या प्रकरणात बेनामी खात्यांचे जाळे असल्याचे ईडीने 2023 मध्ये सांगितले. ओळखीच्या माणसांना 70-30 च्या नफावाटणीवर 'पॅनल' देऊन हा सट्टा पसरवला जात होता. हे दूर छत्तीसगडात घडले, असे समजू नका. मे 2024 मध्ये पुणे ग्रामीण पोलिसांनी याच अॅपच्या संदर्भात नारायणगावच्या एका इमारतीवर छापा घातला आणि डझनावारी तरुण ताब्यात घेतले. नारायणगाव जुन्नर तालुक्यातले, पण लोकसभेचा मतदारसंघ शिरूरच! खाते गोठते ते पोराचे. पोलीस दारात येतात ते त्याच्या आईच्या.

राज्यकर्त्यांची तऱ्हा काय सांगावी! जुलै 2025 मध्ये तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या मोबाईलवर सभागृहात रमीचा डाव दिसल्याचा व्हिडिओ गाजला. आपण आलेली जाहिरात बंद करत होतो, असा खुलासा त्यांनी केला. त्यांचे कृषी खाते गेले आणि पदरात पडले क्रीडा खाते! त्याआधी 2023 मध्ये सचिन तेंडुलकर यांनी ऑनलाइन गेमची जाहिरात करावी का, यावरून बच्चू कडू यांनी त्यांच्या घरासमोर आंदोलन केले होते. ज्या भारतरत्नाच्या मानकऱ्यांत बाबासाहेबांचे नाव आहे, तो किताब मिरवणाऱ्याने काय विकावे, हा प्रश्न आम्हालाही पडतो. मोठ्यांनी दिवसा जाहिरात करायची आणि रात्री कोड वाटणाऱ्या गरिबाच्या पोराने तुरुंगात जायचे, हा कुठला न्याय?

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. जाहिरात करणाऱ्याला 2 वर्षांपर्यंत कैद आणि 50 लाखांपर्यंत दंड. कोड पसरवणारा त्यातून सहज सुटेल, असे आम्हाला वाटत नाही. खेळणाऱ्याला मात्र या कायद्यात शिक्षा नाही, तेव्हा फसलेल्याने 1930 वर तक्रार करायला घाबरू नये. देशातल्या मोठ्या कंपन्यांनी पैशाचे डाव बंद केले. परदेशातून चालणारी अॅपे नाव बदलून येतच आहेत, आणि त्यांना तर कोडवाल्याशिवाय दुसरा दरवाजाच उरला नाही.

प्राचीन आर्य समाजावर लिहिताना बाबासाहेबांनी जुगाराचा मुद्दाम उल्लेख केला आहे. कृत, त्रेता, द्वापर, कली ही द्यूतातल्या दानांची नावे होती, हे त्यांनी दाखवून दिले. बायको पणाला लावणारा तिथे 'धर्मराज' ठरला. आमचा वारसा वेगळा आहे. राजगृहात सिंगालाला उपदेश करताना भगवंतांनी जुगाराचे सहा तोटे मोजून दाखवले. जिंकणाऱ्याचे वैरी वाढतात, हरणारा झुरतो, धन जाते, सभेत शब्दाला किंमत राहत नाही, मित्र तुच्छ लेखतात, कुणी मुलगी देत नाही. त्याच उपदेशात मित्राचे सोंग घेणाऱ्यांची यादी आहे. त्यात जुगाराला सोबत करणारा 'अपायसहाय' म्हणून येतो. त्याला सोबतीबद्दल टक्केवारी मिळत होती की नाही, ते सुत्तात नाही.

दौंडच्या त्या पोराला आम्ही हे सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, 'काका, कोड बंद केला तर गाडीचा हप्ता तुम्ही भरणार का?' प्रश्न खोटा नाही. ठेकेदारीच्या विरोधात आमच्या संघटनांनी रांजणगाव-कुरकुंभमध्ये किती वेळा मोर्चा काढला, हे आम्हीच आम्हाला विचारत बसलो.

निघताना त्याने मोबाईलमधली यादी दाखवली. त्याच्या कोडवर त्रेसष्ट नावे होती. पहिले नाव मामाच्या मुलाचे. परवा कार्यकर्त्याचा फोन आला. पोराने चॅनल बंद केले आहे आणि 'हा नाद सोड' असे सांगायला एकेकाला स्वतःच फोन लावतो आहे. अकरा जणांना सांगून झाले. मामाच्या मुलाला फोन करायचे धाडस अजून झालेले नाही.