हिमशिखरावरून घसरताना... उताराचे गणित महत्त्वाचे

मुंबई, प्रतिनिधी - दिंडोशीच्या टेकडीवर आणि राष्ट्रीय उद्यानाच्या वाटांवर सराव करून कळसूबाई (१,६४६ मीटर) सर करणाऱ्या भटक्यांना पुढे हिमालय खुणावू लागतो. मनालीजवळ सोलंग खोऱ्याच्या माथ्यावरील फ्रेंडशिप शिखर (५,२८९ मीटर) त्यांपैकीच एक. अशा शिखरावर चालत जाऊन बर्फावरून घसरत खाली येण्याचे साधन म्हणजे स्प्लिटबोर्ड.

ही फळी मधोमध उभी विभागता येते. चढताना तिचे दोन भाग दोन पायांना स्कीप्रमाणे बांधतात. तळाला चिकटवलेल्या पट्टीवरील केस एकाच दिशेला झुकलेले असल्याने पाऊल पुढे सरकते, मागे घसरत नाही. माथ्यावर पट्ट्या काढून दोन्ही भाग जोडले की एकसंध स्नोबोर्ड तयार होतो.

खरी परीक्षा मात्र उताराची असते. बहुतेक हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात आणि घसरण्याचा आनंदही नेमका याच उतारावर मिळतो. जुन्या, कमकुवत थरावर वाऱ्याने आणून टाकलेला नवा बर्फ एका माणसाच्या भारानेही तुटून अखंड लादीसारखा निसटू शकतो. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडमधील द्रौपदी का डांडा-२ शिखरावर झालेल्या हिमस्खलनात उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचे २५हून अधिक प्रशिक्षणार्थी व प्रशिक्षक मृत्युमुखी पडले. अनुभव हे संपूर्ण संरक्षण नव्हे, हेच त्या दुर्घटनेने दाखवून दिले.

गाडलेल्या व्यक्तीला पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढल्यास जगण्याची शक्यता सर्वाधिक असते. अर्ध्या तासानंतर ती फारच कमी होते. बाहेरची मदत तोवर पोहोचत नाही. म्हणूनच ४५७ किलोहर्ट्झवर संदेश देणारा बीकन, शोधसळई आणि फावडे प्रत्येकाजवळ असावे लागते व त्यांचा सराव आधीच झालेला असावा लागतो. धोकादायक उतार एकेकानेच ओलांडावा, हाही नियम त्यासाठीच.

समुद्रसपाटीवरून गेलेल्या मुंबईकरांपुढे विरळ हवेचा प्रश्नही असतो. फ्रेंडशिपच्या माथ्यावर प्राणवायू मुंबईच्या जेमतेम निम्मा मिळतो. त्यामुळे तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची दररोज पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये, असा संकेत आहे.

सह्याद्री दम आणि पायांत बळ देतो. बर्फाची पारख मात्र बर्फातच शिकावी लागते. मनाली व उत्तरकाशी येथील संस्थांचे अभ्यासक्रम त्यासाठीच आहेत. शंका येताच माथा न गाठता परतणे, हा त्यातील सर्वांत कठीण धडा.