डीबगरपुढचे बंद दार

प्रोग्राम लिहिणाऱ्याचा बराचसा वेळ लिहिलेला प्रोग्राम नेमका कुठे अडतो हे शोधण्यात जातो, आणि या शोधाला संगणकाच्या व्यवसायात डीबगिंग म्हणतात. त्यासाठी वापरला जाणारा डीबगर हा स्वतः एक प्रोग्रामच असतो. मात्र तो दुसऱ्या चालू प्रोग्रामला हव्या त्या ओळीवर थांबवतो, त्याच्या मेमरीत त्या क्षणी काय साठवलेले आहे ते वाचतो, वाटल्यास बदलतो आणि त्याला पुन्हा पुढे सोडतो. एरवी ऑपरेटिंग सिस्टिमचा मूलभूत नियम असा की एका प्रोसेसने, म्हणजे चालू अवस्थेतील प्रोग्रामने, दुसरीच्या मेमरीत डोकावायचे नाही. डीबगर हा या नियमाला दिलेला अधिकृत अपवाद होय. युनिक्समध्ये १९७० च्या दशकात तो ‘पीट्रेस’ या नावाच्या सिस्टिम कॉलच्या रूपाने आला. सिस्टिम कॉल म्हणजे कर्नलकडे, अर्थात ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, प्रोग्रामने केलेली विनंती.

ही विनंती मान्य करताना कर्नल पूर्वी मुख्यतः एकच गोष्ट पाहत असे: दोन्ही प्रोसेस एकाच वापरकर्त्याच्या आहेत काय? एकाच मोठ्या यंत्रावर अनेक जण काम करीत होते आणि धास्ती शेजारच्या वापरकर्त्याची होती, तोवर हा निकष पुरेसा होता. आज वैयक्तिक संगणकावर ब्राउझर, संदेशांचा प्रोग्राम, पासवर्डांची तिजोरी आणि सर्व्हरच्या किल्ल्या मेमरीत सांभाळणारा ‘एसएसएच एजंट’ हे सगळे एकाच माणसाच्या नावाने चालतात, आणि त्यांपैकी एकात शिरलेल्या घुसखोराला उरलेल्यांची मेमरी वाचण्यासाठी कोणतेही खास हत्यार लागत नाही. डीबगर जी विनंती करतो तीच घुसखोरही करतो, आणि विनंती करणाऱ्याचा हेतू कर्नलला दिसत नाही. एसएसएच एजंटच्या रचनाकारांनी हा धोका लवकर ओळखला होता, म्हणूनच अनेक ठिकाणी तो प्रोग्राम मुद्दाम वेगळ्या गटाच्या अधिकाराने चालवला जाई, जेणेकरून पीट्रेसला तेथे थारा मिळू नये. पण प्रत्येक प्रोग्रामकडून इतक्या दक्षतेची अपेक्षा करता येत नाही.

लिनक्सच्या जगात यावर सरसकट उपाय आणला तो ‘उबुंटू’ या लिनक्स वितरणाने. ऑक्टोबर २०१० मधील १०.१० या आवृत्तीत पीट्रेसवर निर्बंध आले, आणि कीस कुक यांनी ‘यामा’ या नावाने लिहिलेले हे सुरक्षा मॉड्यूल २०१२ मध्ये लिनक्स ३.४ च्या मुख्य कर्नलमध्ये दाखल झाले. त्यातील ‘पीट्रेस स्कोप’ या सेटिंगच्या चार पायऱ्या आहेत. शून्यावर जुना नियम चालतो. एकवर प्रोसेसला फक्त स्वतःच्या वंशजांना, म्हणजे तिने स्वतः सुरू केलेल्या प्रोसेसना, तपासता येते. दोनवर त्यासाठी प्रशासकीय अधिकार लागतो. आणि तीनवर कोणालाच परवानगी नसते, इतकेच नव्हे तर संगणक पुन्हा सुरू केल्याशिवाय ती पायरी खालीही आणता येत नाही. हेतू कळत नाही म्हणून नाते पाहायचे, ही यामागची कल्पना, आणि ती मोठी चतुर आहे.

तिची झळ मात्र नेमक्या अडचणीच्या वेळी बसते. ‘जीडीबी’ या प्रचलित डीबगरमधूनच प्रोग्राम सुरू केला, तर तो डीबगरचे अपत्य ठरतो आणि सारे सुरळीत चालते. परंतु सर्व्हरवरचा प्रोग्राम कित्येक तास नीट चालून मग गोठला, आणि प्रोग्रामरने त्याच्या प्रोसेस क्रमांकावर जीडीबी जोडू पाहिला, की ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ एवढे उत्तर येते. प्रोग्राम त्याचाच, वापरकर्ता तोच, आणि तरीही मनाई. डीबगरमधून तो पुन्हा सुरू करावा, तर तीच गुंतागुंत पुन्हा उद्भवेल याची शाश्वती नसते. यावर यामातच एक सुज्ञ तोड आहे: आपल्याला कोण तपासू शकेल हे प्रोसेस स्वतः आधी जाहीर करू शकते, आणि कोसळलेल्या प्रोग्रामचा अहवाल तयार करणारी साधने याच सोयीवर चालतात.

कंटेनरमध्ये, म्हणजे एकाच कर्नलवर चालणाऱ्या पण परस्परांपासून अलग ठेवलेल्या कप्प्यांत, अडसर आणखी वाढतो. तेथे सिस्टिम कॉल ‘सेककॉम्प’ या चाळणीतून जातात, आणि लिनक्स ४.८ च्या आधी पीट्रेस वापरून ही चाळणीच चुकवता येत असल्यामुळे कंटेनर चालवणाऱ्या ‘डॉकर’ने ती विनंती मुळातच बंद ठेवली होती. जीडीबीची आणखी एक सवय तेथे अडते: घुसखोराला अंदाज येऊ नये म्हणून कर्नल मेमरीतील पत्ते दर वेळी बदलतो, तर डीबगरला ते स्थिर हवे असल्याने तो हे बदल थांबवू पाहतो, आणि चाळणी त्यालाही नकार देते.

ॲपलने नात्याऐवजी प्रोग्रामवरच्या डिजिटल सहीवर भर दिला. २०१५ मध्ये आलेल्या ‘एल कॅपिटन’ या मॅक प्रणालीपासून ‘सिस्टिम इंटिग्रिटी प्रोटेक्शन’ ही व्यवस्था लागू झाली आणि सर्वाधिकारी ‘रूट’ वापरकर्त्यालाही ॲपलच्या संरक्षित प्रोसेसना डीबगर लावता येईना; ती उठवायची तर संगणक ‘रिकव्हरी’ अवस्थेत सुरू करावा लागतो. स्वतःच्या प्रोग्रामसाठी वेगळी वाट आहे: विकासाच्या काळात त्यावर ‘तपासणीस परवानगी’ अशा अर्थाची खूण सहीसोबत टाकली जाते आणि वितरणापूर्वी ती काढली जाते. जीडीबीसारखा बाहेरून आणलेला डीबगर वापरायचा, तर त्याच्यावरही वापरकर्त्याला स्वतः प्रमाणपत्र तयार करून सही करावी लागते.

विंडोजमध्ये दुसऱ्याच्या प्रोसेसना डीबगर लावण्याचा अधिकार हा प्रशासकाच्या हाती असलेला वेगळा विशेषाधिकार आहे, आणि ‘मिमिकॅट्झ’ या पासवर्ड उकरणाऱ्या कुप्रसिद्ध साधनाचा वापर सहसा तोच अधिकार मागून सुरू होतो. लॉगिनची गुपिते सांभाळणाऱ्या प्रोसेसला संरक्षित प्रोसेस म्हणून चालवण्याची सोय विंडोज ८.१ मध्ये आली ती यासाठीच. पण संरक्षित प्रोसेस ही कल्पना त्याआधी विंडोजच्या ‘व्हिस्टा’ आवृत्तीत आली होती, आणि तेव्हा तिचा उद्देश चित्रपट-संगीताच्या हक्कदारांचा माल संगणकाच्या मालकापासूनच सुरक्षित ठेवणे हा होता. ॲपलच्या ‘आयट्यून्स’नेही आपल्याला डीबगर लावू नये असे प्रणालीला बजावून ठेवले होते, आणि ‘डीट्रेस’ या मापनसाधनाच्या कर्त्यांपैकी एक असलेले ॲडम लेव्हेंथल यांना २००८ मध्ये आढळले की आयट्यून्स प्रोसेसरवर असताना ठरावीक अंतराने व्हायच्या नोंदीही गायब होत होत्या. म्हणजे तपासणाऱ्याला चुकीचे माप मिळत होते आणि तशी सूचनाही नव्हती. वापरकर्त्याची गुपिते राखणारा पहिल्या प्रकारचा निर्बंध त्याच्या बाजूने उभा राहतो, हक्कदारांचा माल राखणारा दुसरा त्याच्या विरुद्ध. दोन्हींना ‘सुरक्षा’ हे एकच लेबल लावणे हा निव्वळ शब्दांचा खेळ ठरतो.

पहिल्या प्रकारातील खरी उणीव नकारात नसून नकार समजावून सांगण्यात आहे. कारण न कळलेला प्रोग्रामर पीट्रेस स्कोप कायमचा शून्यावर आणतो किंवा डीबगर रूटच्या अधिकाराने चालवतो, आणि उबुंटूच्या जीडीबीने तर नकारासोबत या सेटिंगचा पत्ता देताना रूट म्हणून प्रयत्न करण्याचीही सूचना केली. रूट म्हणून चालणाऱ्या डीबगरमध्ये एखादा दोष निघाला तर घुसखोराला मिळणारा अधिकार संपूर्ण यंत्रावरचा असतो, आणि यामाने वाचवलेले त्यापुढे किरकोळ ठरते. चाचणीच्या यंत्रावर सेटिंग तेवढ्यापुरते बदलणे, किंवा तपासणाऱ्याचे नाव प्रोग्रामनेच जाहीर करणे, हे दोन्ही मार्ग यापेक्षा बरे.

पीट्रेस स्कोप तीनवर ठेवलेल्या सर्व्हरवर तेही शक्य नसते. तेथे मुख्यतः ‘कोअर डंप’ हाताशी राहतो, म्हणजे प्रोग्राम कोसळताना त्याच्या मेमरीची डिस्कवर लिहिली जाणारी प्रत, आणि तिच्यात पासवर्डही जसेच्या तसे उतरू शकत असल्यामुळे विशेष अधिकाराने चालणाऱ्या प्रोग्रामच्या बाबतीत लिनक्स तीही सहसा लिहू देत नाही.