पेनांची पेटी

घरातलं वडीलधारं माणूस गेलं की त्याचा चष्मा, घड्याळ आणि पेन या तीन वस्तू टाकून देववत नाहीत. घड्याळ कुणीतरी मनगटाला बांधतं. चष्मा देवघराच्या कोनाड्यात जातो. पेन मात्र कपाटाच्या खणात पडतं, आतल्या शाईसकट. बेळगावचे चार-पाच पावसाळे त्यावरून गेले की टोपण फिरत नाही, आणि जोर करून फिरवलं तर आतली पोलादी निब गंजून गेलेली असते.

माझ्याकडे आज २७ शाईपेनं आहेत. संग्रह म्हणावा एवढं हे मोठं काम नाही. काही जुन्या बाजारात घेतलेली, काही विद्यार्थ्यांनी आणून दिलेली. पण दोन पेनं विकत घेऊन मिळणारी नव्हेत. एक वडिलांचं, काळ्या एबोनाइटचं. ड्रॉपरने थेट पोटात शाई भरायचं. सोसायटीचे सगळे हिशेब त्यांनी त्यानेच मराठीत लिहिले. दुसरं आमच्या अत्तींचं, म्हणजे सौ.च्या आईचं. त्या धारवाडकडच्या कन्नड शाळेत शिक्षिका होत्या. त्यांनी आपलं मरून रंगाचं हिरो माझ्या हातात दिलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, “तोळ्द इड्री.” पेन सांभाळण्याच्या शास्त्रातलं पहिलं कलम त्यात आलं. धुऊन ठेवा! साध्या, थंड पाण्याने. गरम पाण्याने एबोनाइटचा रंग बिघडतो.

धुतलेलं पेन ठेवायचं कशात? बाजारात तयार पेट्या मिळतात, मखमली अस्तराच्या, काचेच्या झाकणाच्या. दिवाणखान्यात छान दिसतात. पण एबोनाइट म्हणजे गंधक घालून, तापवून कठीण केलेलं रबर. उजेड आणि दमट हवा लागली की काळा रंग हळूहळू शेवाळी-तपकिरी होतो. तेव्हा काचेचं झाकण माझ्या मते पाहुण्यांसाठी असतं, पेनासाठी नव्हे.

दुसरं टोक म्हणजे घट्ट झाकणाचा डबा. आमच्या एका दिवंगत सहकाऱ्यांची पेनं त्यांच्या पत्नीने मला दाखवायला काढली, ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून. प्रत्येक पेन प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर रबरबँड. किती काळजीने ठेवलेली! त्यांत एक जुनं सेल्युलॉइडचं होतं. ते हाताला भुगा होऊन लागलं, आणि शेजारच्या तीन पेनांच्या क्लिपा हिरव्या पडलेल्या. वहिनी म्हणाल्या, “ह्यांनी कुणाला हातसुद्धा लावू दिला नाही हो.” मला काही बोलता आलं नाही.

सेल्युलॉइडचा हा स्वभावच आहे. त्यात कापूर असतो. जुनं पेन नाकाशी धरलं तर वास येतो. वय झालं की त्यातून आम्लयुक्त वायू सुटतो. डबा बंद असेल तर तो तिथेच कोंडतो आणि त्या पेनाला व शेजाऱ्यांनाही खातो. म्हणून माझी तीन सेल्युलॉइडची पेनं वेगळ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, उघड्या फळीवर असतात. हा पदार्थ पटकन पेट घेतो, त्यामुळे समई-निरांजनापासून लांब.

उरलेल्यांसाठी पेटी घरीच केली. माळ्यावर जुन्या सागवानी टेबलाचा एक खण होता, आतून ४० सेंटीमीटर लांब, ३३ रुंद. ताज्या लाकडापेक्षा जुनं बरं, कारण नवं लाकूडही थोडंफार आम्ल सोडतं. आधी कुंद्याच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा कापून कप्प्यांचा नमुना केला. साधारण पेन १४ सेंटीमीटर भरतं, म्हणून कप्पा १६ लांब आणि २ रुंद. मध्ये एक आडवी पट्टी, दोन्ही बाजूंना १५-१५ कप्पे. पट्ट्या ६ मिलिमीटर जाडीच्या. एकाने वायरिंगचा पाइप उभा चिरून वापरा असं सुचवलं होतं. कल्पना सोपी, पण पीव्हीसीसुद्धा जुनं झालं की वायू सोडतं, म्हणून नको म्हटलं.

गल्लीतल्या सुताराने दुपारभरात काम उरकलं. “सर, संध्याकाळी पेनं भरा की!” मी म्हटलं, फेविकॉल पुरता वाळून वास जाईपर्यंत तीन आठवडे उघडी ठेवायची. तो हसला. “पेनं हाईत का केळी, पिकायला ठेवायला?”

अस्तरावर घरात बरीच चर्चा झाली. सौ.ला गुळेदगुड्डचा खण हवा होता. दिसला असता सुरेखच, पण गडद रंग दमट हवेत उतरायची भीती. लोकरीत गंधक असतो, त्याने चांदी काळवंडते. नव्या मांजरपाटाला खळ असते आणि खळीला कसर लागते. शेवटी वडिलांचं जुनं धोतर निघालं. शेकडो वेळा धुतलेलं, ना रंग ना खळ. ते दुहेरी करून प्रत्येक कप्प्यात दाबून बसवलं आणि पट्ट्यांवर पितळी चुकांनी ठोकलं. झाकण टेबलाच्याच फळीचं. मागच्या बाजूला आठ भोकं पाडून आतून मलमल लावली. हवा खेळते, किडा शिरत नाही.

डांबरगोळ्या मात्र पेटीत टाकू नयेत. साड्यांना चालतात, पण काही प्लॅस्टिकं त्यांनी मऊ पडतात. त्याऐवजी जून ते सप्टेंबर सिलिका जेलची पुरचुंडी ठेवतो. बुटांच्या खोक्यातली चिमूटभर पुडी पुरत नाही, १०० ग्रॅम तरी हवं. दाण्यांचा रंग बदलला की जुन्या कढईत मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतं. ती कढई स्वयंपाकाला घ्यायची नाही, आणि दाणे मुलांच्या हाती लागू द्यायचे नाहीत.

रोजच्या वापरातली, शाई भरलेली दोन पेनं पेटीत जात नाहीत. ती टेबलावर पेल्यात उभी, निब वर करून.

प्रत्येक कप्प्यात पेनाखाली कागदाची एक चिठ्ठी आहे, पेन्सिलीने लिहिलेली. पेन कुणाचं, कुठून आलं, कोणती शाई चालते. शाई ओल्याने फुटते, पेन्सिल टिकते. चिठ्ठ्या मुलीने लिहिल्या, मराठीत आणि कन्नडमध्ये. ‘शाई’शी आल्यावर ती थांबली. “बाबा, हा तर दोन्हीकडे जवळजवळ तोच शब्द!” अत्तींच्या चिठ्ठीवर वर्ष घालायचं होतं, ते तिने धारवाडला फोन लावून विचारलं. अर्धा तास बोलणं चाललं. वर्ष काही अत्तींना आठवलं नाही, पण त्या पेनाने कुणाकुणाच्या वह्या तपासल्या ती नावं मिळाली. चिठ्ठीवर तीच घातली आहेत.

आठ कप्पे अजून रिकामे आहेत. वहिनींकडच्या त्या तीन पेनांच्या क्लिपा साफ होतात का, ते पाहतो आहे.