पदकाची कडा आणि विक्रेत्याची गोष्ट

वसईच्या किल्ल्यावर मे १७३९मध्ये मराठ्यांचं निशाण चढलं. त्या विजयाचं पदक कुणाच्याही संग्रहात नाही, कारण ते कधी पाडलंच गेलं नाही. मोहिमेत उतरलेल्या प्रत्येक शिपायाच्या छातीवर एकसारखं पदक लावायची रीत मराठी फौजेत नव्हती. पराक्रमाची पावती इनाम, वतन, सरंजाम, पालखीचा मान, सोन्याचं कडं किंवा तोडे अशा रूपात मिळे. वसईहून विजयाची खूण म्हणून गेल्या त्या पोर्तुगीज चर्चच्या घंटा. नाशिकचं नारोशंकराचं देऊळ, भीमाशंकर आणि मेणवली इथे त्या आजही पाहायला मिळतात. तरीही ‘पेशवेकालीन पदक’ म्हणून फारसी किंवा मोडी अक्षरांची धातूची चकती जुन्या बाजारात पुढे केली जाते आणि गिऱ्हाईक भाव विचारतं. लष्करी पदकं जमवण्याच्या छंदातले जवळपास सगळे गैरसमज इथूनच फुटतात. वस्तू हातात असते आणि गोष्ट विक्रेत्याच्या तोंडी असते. घेणारा पैसे मोजतो ते गोष्टीचे. माझं म्हणणं एवढंच, की पदक स्वतः आणि त्याचे कागद जेवढं सांगतात तेवढाच त्याचा इतिहास धरावा. बाकीची वर्णनं करमणूक म्हणून ऐकावीत.

वसईशी खरोखर नातं सांगता येईल असं एक पदक आहे, पण ते जिंकलेल्या मराठ्यांचं नाही. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात जनरल गॉडर्डने वसईला वेढा घातला, डिसेंबर १७८०मध्ये किल्ला घेतला आणि पुढच्याच महिन्यात अर्नाळाही इंग्रजांकडे गेला. बंगालहून पायी चालत पश्चिम हिंदुस्थानात आलेल्या देशी शिपायांसाठी कंपनी सरकारने १७८४मध्ये ‘दख्खन पदक’ मंजूर केलं. ते सोन्यात आणि चांदीत, दोन आकारांत निघालं. एका बाजूला किल्ल्याच्या दिशेने पुष्पचक्र धरलेली ब्रिटानिया आहे, दुसऱ्या बाजूला फारसी मजकूर. मग हे ‘वसईच्या वेढ्याचं पदक’ म्हणावं का? नाही. ते १७७८ ते १७८४ या सगळ्या मोहिमेचं आहे. त्यावर शिपायाचं नाव नाही, पलटणीचं नाही आणि वसईचंही नाही. ते गळ्यात घालणारा वसईच्या तटाखाली होता की गुजरातेत, हे त्या चांदीतून कळायला मार्ग नाही. कुणी छातीठोकपणे सांगत असेल, तर पुरावा त्याने द्यायचा, आपण नव्हे.

दुसरा हट्टी समज म्हणजे जितकं जुनं तितकं मौल्यवान, आणि चांदीचं असेल तर विचारायलाच नको. पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल पाहा. चांदीची सुमारे ६५ लाख पदकं वाटली गेली. त्याच पदकाची ब्राँझची आवृत्ती श्रमिक तुकड्या आणि फौजेबरोबरचे बिगारी, भिश्ती यांच्यासाठी होती. ती निघाली सुमारे १ लाख १० हजार. म्हणजे हलक्या धातूचं पदक दुर्मीळ, आणि संग्राहक त्यासाठी बहुधा जास्त मोजतो. साहेबाने ज्याला चांदीच्या लायकीचा मानला नाही, त्याचंच पदक आज वरचढ ठरावं, यात काव्यगत न्याय आहे खरा. उलट १९८०च्या सुमारास चांदीचे भाव कडाडले तेव्हा चांदीची असंख्य पदकं मुशीत गेली. ज्याने पदक धातूच्या भावाने मोजलं त्याने ते वितळवलं, आणि कडेवरचं नाव त्याबरोबर गेलं.

नाव महत्त्वाचं का, ते कडा वाचायला लागलं की समजतं. पहिल्या महायुद्धातल्या हिंदी सैनिकांच्या पदकांवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते: गोल पदकाच्या कडेवर, ताऱ्याच्या आकाराच्या पदकाच्या पाठीवर. ही ओळ तपासता येते, कारण पलटणींना स्वतःचा कालक्रम असतो. १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ या जुन्या मराठा पलटणींच्या फेररचनेतून १९२२मध्ये ‘पाचवी मराठा लाइट इन्फंट्री’ हे रेजिमेंटचं नाव आलं. त्यामुळे १९१४-१५च्या ताऱ्यावर ‘पाचवी मराठा’ कोरलेलं दिसलं, तर ते नाव मागाहून घातलेलं असण्याची शंका घ्यावी. ‘१११ महार’ ही पलटण १९१७मध्ये उभी राहिली आणि १९२१मध्ये मोडली. आजची महार रेजिमेंट १९४१ची. तेव्हा ‘१११ महार’ असं लिहिलेलं अस्सल पदक विरळाच, आणि म्हणूनच बनावट करणाऱ्याला मोहात पाडणारं. मूळ नाव कानशीने घासून नवं ठोकलं की कडा किंचित बारीक होते. साच्यात ओतलेली नक्कल थंड होताना आकसते, म्हणून मूळ ३६ मिलिमीटरपेक्षा लहान भरते. भिंगाआधी व्हर्नियर कॅलिपर विकत घ्यावा, तो या कामी जास्त उपयोगाचा.

यावर आक्षेप येतो: मग निनावी पदकाला किंमतच नाही का? आहे, पण ती पदक म्हणून. अमुक माणसाचं पदक म्हणून नव्हे. हा फरक अमेरिकन पदकांत सर्वांत स्वच्छ दिसतो. चित्रपट पाहून अनेकांना वाटतं, की अमेरिकन पदकावर सैनिकाचं नाव असणारच. दुसऱ्या महायुद्धातली त्यांची मोहीम-पदकं निनावीच निघाली. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काही मोहीम-पदकांच्या कडेवर अनुक्रमांक असे, आणि यादी हाती असेल तरच त्यावरून माणूस सापडतो. महाराष्ट्राशी जुळणारं उदाहरण घेऊ. ‘मेरिल्स मरॉडर्स’ म्हणून गाजलेली अमेरिकन तुकडी ३१ ऑक्टोबर १९४३ला मुंबई बंदरात उतरली, काही आठवडे देवळालीला राहिली आणि पुढे ब्रह्मदेशात लढली. आता ‘देवळालीच्या गोऱ्याने ब्रह्मदेशात मिरवलेलं’ म्हणून आशिया-पॅसिफिक मोहीम-पदक कुणी दाखवलं, तर गोष्ट झकास, पण अशक्य. १९४२मध्ये मंजूर झाली ती फीत. धातूचं पदक युद्ध संपल्यावर, १९४७मध्ये आलं. लढताना सैनिकाजवळ होती फक्त रंगीत पट्टी. जखमी किंवा मृत सैनिकासाठीच्या पर्पल हार्टचं थोडं वेगळं. युद्धात मेलेल्याच्या घरी धाडलेल्या पदकाच्या पाठीवर नाव कोरलेलं असे. पण कोऱ्या पाठीवर आज कुणीही नाव कोरून घेऊ शकतो. पडताळणी कागदांवर, आणि कागदही पुरे नाहीत: १२ जुलै १९७३ला सेंट लुईसच्या अभिलेखागाराला आग लागली आणि अमेरिकन सैनिकांच्या १.६ ते १.८ कोटी फायली जळाल्या. विक्रेते हे कारण सोयीने पुढे करतात. फाईल जळाली म्हणजे दावा खरा, असं होत नाही. तो तपासता येत नाही, इतकंच. आणि अमेरिकन पदकांचा व्यवहार सरसकट बेकायदा आहे, हाही गैरसमजच. तिथल्या कायद्याने मेडल ऑफ ऑनरची खरेदी-विक्री करता येत नाही; इतर पदकं उघडपणे विकली जातात.

आपल्याकडे मात्र कायद्याबद्दलचा गाफीलपणा उलट दिशेचा आहे. आजोबांचं पदक आपलंच, तेव्हा पार्सल करून लंडनच्या लिलावाला पाठवायला कुणाची हरकत, असं बरेच जण धरून चालतात. १९७२च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षं पुरी झालेली अशी वस्तू पुरावशेष ठरते, आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. पहिल्या महायुद्धाची पदकं आता या रेषेपलीकडे गेली आहेत. पुरावशेषांचा धंदा करायला परवाना लागतो. घरात पदक जपायला कुणी अडवत नाही.

राहिला सर्वांत गंभीर आक्षेप, की गोऱ्या साहेबाची बिल्ले-पदकं मराठी माणसाने जमवावीतच कशाला? वसईत हा प्रश्न जास्त बोचतो, कारण ३१ डिसेंबर १८०२चा तह इथलाच, आणि त्यातून पेटलेल्या युद्धात असई, अडगाव, गाविलगड इथल्या लढायांबद्दल इंग्रजांनी १८५१मध्ये आर्मी ऑफ इंडिया पदक दिलं. तेही फक्त तोवर जिवंत राहिलेल्यांना. पण पदक जमवणं म्हणजे देणाऱ्याचा गौरव करणं नव्हे. मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात उपाशी राहिलेल्या, इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेल्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांच्या बरोबरीने लढलेल्या कोकणी-देशी शिपायांपैकी फार थोड्यांनी स्वतःबद्दल काही लिहून ठेवलं. कित्येकांचं नाव धातूवर उरलं आहे ते या कडेवर. संग्राहकावर आरोप करायचाच, तर तो एकाच माणसाची तीन पदकं सुटी करून तीन गिऱ्हाइकांना विकण्याचा करावा. त्याने पुरावा मोडतो, आणि मोडलेला संच क्वचितच पुन्हा जुळतो.

घरात असं पदक असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत चिंच-रांगोळीने ते घासू नका. अक्षरं झिजतात आणि काळपट थर गेला की जाणकार संशय घेतो. विकायचं असो वा नसो, कडेचा चारही बाजूंनी फोटो काढा, फीत आणि डबी टाकू नका, डिस्चार्जचा कागद त्याच्याबरोबरच ठेवा. आणि विकत घेत असाल, तर गोष्ट संपेपर्यंत थांबा, मग कडा वाचा आणि जे तिथे लिहिलं आहे त्याचेच पैसे द्या.