पहिली मसल कार : गाडी आवडण्याआधी कागद वाचा

मी बडोद्यात वाढलो, नोकरीसाठी बंगळुरूला आलो आणि गाड्यांच्या वेडापायी एकदा तीन लाख रुपये घालवून बसलो. आजचा भाग त्या तीन लाखांबद्दल आहे. अमेरिकन मसल कार पहिल्यांदाच घ्यायची असेल, बाहेरून आणायची असेल, तर काय बघायचं ते मी तेव्हा कुणाला तरी विचारायला हवं होतं. नाही विचारलं. म्हणून आज मीच सांगतो.

झालं असं. २०१७ साली एका मोठ्या शहरात मला १९६९ची मस्टँग दाखवली गेली. फास्टबॅक, म्हणजे छत मागे उतरत जाणारी. लाल रंग, आठ सिलिंडरचं इंजिन. सुरू केली की छातीत धडधड व्हायची. विकणारा म्हणाला, "कागद सगळे क्लिअर आहेत साहेब, आरसी आहे." मी आरसी बघितली आणि तीन लाख टोकन देऊन आलो. रात्री आईला फोन केला. आई बँकेतून निवृत्त झालेली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "अरे, पण ती गाडी आपल्या देशात आली कशी?"

मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी विकणाऱ्याला विचारलं, तर त्यालाही नाही. नंतर कळलं, आरसीवरचा चासी नंबर आणि गाडीवर ठोकलेला नंबर वेगवेगळे होते. मी माघार घेतली. टोकन परत मिळालं नाही. पण उरलेले पैसे वाचले आणि कदाचित पुढची कोर्टकचेरीही वाचली. आईचा तो प्रश्न मी आजही प्रत्येकाला विचारायला सांगतो.

मसल कार म्हणजे नेमकं काय

साधी व्याख्या अशी : मध्यम आकाराची, फार महाग नसलेली अमेरिकन गाडी आणि तिच्यात बसवलेलं मोठ्या गाडीचं इंजिन. १९६४ साली पाँटिअ‍ॅकने जीटीओमध्ये ३८९ घन इंचांचं, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचं इंजिन घातलं आणि ही लाट सुरू झाली असं बहुतेक जण मानतात. त्याच वर्षी १७ एप्रिलला न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात फोर्ड मस्टँग आली. जाणकार तिला 'पोनी कार' म्हणतात, कारण ती आणखी लहान. आपण आज दोन्ही एकाच घरातल्या धरू. मग डॉजची चार्जर, शेव्हरोलेची कॅमॅरो, प्लिमथची रोड रनर, १९७०ची चॅलेंजर. विम्याचे वाढलेले हप्ते, प्रदूषणाचे नियम आणि १९७३चं तेलसंकट, या तिघांनी मिळून तो जमाना संपवला. म्हणजे खरा सुवर्णकाळ जेमतेम आठ-नऊ वर्षांचा.

तीन दारं, त्यातलं मधलं बंद

आता आपल्याकडचे नियम. आयातीचे नियम डीजीएफटी, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालय ठरवतं. माझ्या डोक्यात मी त्यांची तीन दारं केली आहेत.

पहिलं दार नव्या गाडीचं. गाडी आधी कुठल्याही देशात नोंदवलेली किंवा विकलेली नको. स्टिअरिंग उजवीकडे हवं, वेगाचा काटा किलोमीटरमध्ये हवा आणि दिव्यांचा झोत डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीला जुळणारा हवा. शिवाय भारतीय सुरक्षा आणि प्रदूषण नियमांच्या मान्यतेचा प्रश्न वेगळा. इथेच अर्धी यादी गळते. २००८ ते २०२३ या काळातली चॅलेंजर कारखान्यातून उजव्या स्टिअरिंगची निघालीच नाही. २०१०च्या आसपास परतलेली आणि २०२३च्या शेवटी बंद झालेली कॅमॅरोही नाही. राहते मस्टँग. ती २०१५पासून उजव्या स्टिअरिंगमध्येही बनते, कारण फोर्डला ती ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, जपानमध्ये विकायची होती.

दुसरं दार वापरलेल्या गाडीचं. ती बनल्यापासून तीन वर्षांहून जुनी नको, स्टिअरिंग उजवीकडेच हवं आणि ती मुंबई बंदरातूनच यायला हवी. म्हणजे २००५ची किंवा १९९५ची गाडी 'स्वस्तात मिळतेय' म्हणून मनात आणू नका. सर्वसाधारण वाटेने ती येत नाही.

तिसरं दार जुन्या, म्हणजे व्हिंटेज गाड्यांचं. पूर्वी ते १ जानेवारी १९५०च्या आधी बनलेल्या गाड्यांपुरतं होतं. मसल कारचा जन्मच १९६४चा, त्यामुळे आपल्याला त्याचा काही उपयोग नव्हता. २०२५ मध्ये ही अट बदलली आणि ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वाट मोकळी झाली. जरा हिशोब करा. १९६४ ते १९७२ हा सगळा सुवर्णकाळ आता त्या दारातून आत येऊ शकतो. मसल कारच्या चाहत्यांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

पण आत आल्यावर काय? २०२१च्या जुलैमध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम काढले. नंबर प्लेटवर 'व्हीए' अक्षरं येतात, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आणि नोंदणी दहा वर्षांची. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरबदल चालत नाही.

हे वाक्य नीट लक्षात ठेवा. अमेरिकेत आज 'रेस्टोमॉड' गाड्यांची चलती आहे. वरून १९६९ची, आतून आजचं इंजिन, आजचे ब्रेक. चालवायला झकास. पण व्हिंटेज म्हणून नोंदवायला गेलात तर तीच झकास गाडी अडचणीत आणेल.

जुन्या गाडीचं स्टिअरिंग बहुधा डावीकडेच असणार. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२० प्रमाणे अशी गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवायला ठरवून दिलेलं इशारा देणारं साधन लागतं. तुमच्या आरटीओकडून हे आधी लेखी घ्या, तोंडी नको.

म्हणून पहिला प्रश्न 'कुठली गाडी' हा नाहीच. पहिला प्रश्न आहे, मला गाडी चालवायची आहे की जपायची आहे? चालवायची असेल तर पहिलं दार. जपायची असेल तर तिसरं.

पैशाचं गणित

अमेरिकेतली किंमत, जहाजाचं भाडं आणि विमा मिळून जो आकडा होतो त्याला सीआयएफ म्हणतात. शुल्क त्या आकड्यावर लागतं. ४०,००० डॉलरच्या वरच्या नव्या गाडीचं उदाहरण घेऊ. सीआयएफ ४० लाख रुपये धरा. २०२५च्या अर्थसंकल्पानंतर मूळ आयात शुल्क ७० टक्के आणि कृषी पायाभूत सुविधा उपकर ४० टक्के, एकूण ११० टक्के. म्हणजे ४४ लाख. झाले ८४ लाख. आता जीएसटी. सप्टेंबर २०२५पासून मोठ्या गाड्यांना तो ४० टक्के आहे आणि तो ४० लाखांवर नाही, ८४ लाखांवर लागतो. म्हणजे ३३ लाख ६० हजार. एकूण १ कोटी १७ लाख ६० हजार. यात राज्याचा रस्ता कर नाही, बंदराचा खर्च नाही, दलालाची फी नाही.

थोडक्यात, किमतीला तीनने गुणा आणि मग विचार करा. वापरलेल्या आणि व्हिंटेज गाड्यांचे दर वेगळे. गाडीचे पैसे पाठवण्याआधी परवानाधारक सीमाशुल्क दलालाकडून ते लेखी मागवा. आणि बिलावर किंमत कमी दाखवू असं कुणी सुचवलं तर तिथूनच उठा. सीमाशुल्क अधिकारी जाहीर केलेली किंमत नाकारू शकतात आणि कायद्याने गाडी जप्तही होऊ शकते.

जप्ती ही पुस्तकातली गोष्ट नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात सीमाशुल्क विभागाने 'ऑपरेशन नुमखोर' राबवलं. भूतानमार्गे बेकायदा आणल्याच्या संशयावरून गाड्या ताब्यात घेतल्या गेल्या. अशा वेळी गाडी ज्याच्या दारात उभी असते त्याला उत्तर द्यावं लागतं, मग त्याने ती तिसऱ्या मालकाकडून का घेतलेली असेना. तेव्हा आईचा प्रश्न : गाडी देशात आली कशी? त्याचं उत्तर एकाच कागदात असतं, त्याचं नाव बिल ऑफ एंट्री. तो नसेल तर गाडीभोवती फेरीसुद्धा मारू नका. मोह होतो.

गाडी तपासताना

माझा मावसभाऊ डेट्रॉइटजवळ राहतो. त्याच्याकडे ऑगस्टमध्ये गेलो होतो, तेव्हा वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवरची 'ड्रीम क्रूझ' बघितली. मैलोन्‌मैल जुन्या गाड्या. एक निवृत्त कामगार खुर्ची टाकून आपल्या गाडीशेजारी बसला होता. त्याने मला खिशातून एक लोहचुंबक काढून दाखवलं, मऊ कापडात गुंडाळलेलं. म्हणाला, हे दरवाजाच्या खालच्या कडेला लाव, चाकावरच्या कमानीला लाव. चिकटलं नाही तर रंगाखाली पत्रा नाही, पुट्टी आहे.

गंज हा या गाड्यांचा खरा रोग. मिशिगन, ओहायोकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, तिथल्या गाड्या खालून खाल्लेल्या असतात. अ‍ॅरिझोना, कॅलिफोर्नियासारख्या कोरड्या भागातली गाडी, रंग उडालेला असला तरी, बरी. जुन्या मस्टँगमध्ये पुढच्या काचेखालचा काउल हमखास गळतो आणि पाणी थेट पायाखालच्या पत्र्यावर येतं. गालिचा उचलून बघायला सांगा.

दुसरी तपासणी ओळखीची. मस्टँगच्या नंबरमधलं पाचवं चिन्ह इंजिन सांगतं. १९६९च्या गाडीवर तिथे 'एम' असेल तर ३५१ घन इंचांचं, चार बॅरल कार्ब्युरेटरचं इंजिन कारखान्यातून आलं होतं. १९६७पासूनच्या फोर्ड गाड्यांसाठी 'मार्टी रिपोर्ट' नावाचा दाखला विकत मिळतो. त्यात कारखान्यातून गाडी कशी निघाली ते असतं. पाँटिअ‍ॅकसाठी पीएचएसची कागदपत्रं मिळतात. शेव्हरोलेचं मात्र अवघड. १९७०च्या शेव्हेलच्या नंबरवरून ती एसएस आहे की नाही हे कळत नाही, त्यामुळे साध्या शेव्हेलवर एसएसचे बिल्ले लावून विकणारे भरपूर. पहिल्यांदा घेत असाल तर जिचा नंबर बोलतो अशी गाडी घ्या.

तिसरं, अश्वशक्तीच्या आकड्याला भुलू नका. १९७१पर्यंतचे आकडे सहसा 'ग्रॉस', म्हणजे उघडं इंजिन टेबलावर चालवून मोजलेले. १९७२पासून 'नेट', म्हणजे सगळी जोडणी धरून. त्यामुळे तेच इंजिन कागदावर अचानक अशक्त दिसतं. आकड्यापेक्षा ब्रेक विचारा. अनेक गाड्यांना चारही चाकांना ड्रम ब्रेकच असायचे.

आणि पेट्रोल. या गाड्या शिसंयुक्त पेट्रोलच्या काळातल्या. आपल्याकडे २०००पासून शिसं गेलं आणि आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुने रबरी पाइप आणि कार्ब्युरेटरच्या गॅस्केट त्याने खराब होतात. ते बदलण्याचा आणि व्हॉल्व्ह सीट तपासून घेण्याचा खर्च पहिल्याच दिवशी धरा.

अमेरिकेतून निघताना

गाडीचं 'टायटल' मूळ हवं, विकणाऱ्याच्या नावावर हवं आणि त्यावर कर्जाचा बोजा नको. 'सॅल्व्हेज' असा शिक्का असेल तर गाडी कधीतरी विमा कंपनीने निकालात काढलेली आहे. वापरलेली गाडी देशाबाहेर पाठवताना कागद आणि गाडी निदान ७२ तास आधी अमेरिकन कस्टम्सपुढे ठेवावी लागते. जुनी गाडी बंद कंटेनरमधूनच पाठवा, बॅटरी सोडवून, टाकीत नावापुरतं पेट्रोल ठेवून. निघण्याआधी इंच न् इंच फोटो काढा आणि जहाजाचा विमा पूर्ण किमतीचा घ्या.

मग मी काय केलं

मी आयात केलीच नाही. फोर्डने जुलै २०१६ मध्ये मस्टँग भारतात अधिकृतपणे आणली होती. उजवं स्टिअरिंग, पाच लिटरचं आठ सिलिंडर इंजिन, दिल्लीत शोरूमची किंमत ६५ लाख. त्यातलीच एक मी नंतर सेकंडहँड घेतली. पहिल्या खरेदीला मी हेच सुचवीन. शुल्क आधीच भरलेलं, इतिहास तपासता येतो आणि ऑफिसलाही नेता येते.

१९६९ची अजून मनात आहे. जानेवारी २०२३ मध्ये आमच्या बडोद्याच्या लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये जुन्या गाड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं, तेव्हा आईला घेऊन गेलो. ती एकेका गाडीपुढे थांबायची, बघायची आणि हळूच विचारायची, "हिचे कागद असतील ना रे?"

तुम्ही गाडी बघायला जाल तेव्हा तेवढंच विचारा. ज्याच्याकडे उत्तर आहे तो रागावत नाही, फाइल काढून दाखवतो. भेटू पुढच्या भागात.