वाडीची रीत आणि सरकारचा कायदा

भोर आणि वेल्हे तालुक्यांतील कातकरी वाड्यांवर फिरताना आजारपण आणि शाळा यांच्या खालोखाल जो विषय निघतो तो पोलीस आणि कोर्टाचा. आपल्या मंडळ्यांतून वाड्या पाहायला येणारे बंधुभगिनीही हमखास विचारतात, ‘या लोकांची लग्ने आणि सोडचिठ्ठ्या पंचच करतात, मग त्यांना कायदा लागू तरी होतो का?’ प्रश्न रास्त आहे, म्हणून या अंकात त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. (वेल्ह्याचे नाव आता राजगड तालुका झाले आहे, पण वाडीवर सगळे वेल्हेच म्हणतात, मीही तेच वापरतो.)

लग्न लागले कसे आणि मोडले कसे, हे बहुतांशी जमातीची रीत ठरवते. मात्र पोटगी, मारहाण आणि मुलीचे वय या बाबतींत रीतीची सबब चालत नाही. पहिले अर्धे सगळ्यांना ठाऊक असते. दुसरे अर्धे ठाऊक नसल्यामुळे माणसे तुरुंगात जातात.

आधी पहिले अर्धे. कातकरी ही अनुसूचित जमात आहे. कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित जमातींत तिची गणना होते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या दुसऱ्या कलमातच लिहिले आहे की केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय हा कायदा अनुसूचित जमातींना लागू होणार नाही. त्यामुळे सप्तपदी झाली नाही म्हणून कातकऱ्याचे लग्न खोटे ठरत नाही, आणि रीतीप्रमाणे पंचांसमोर झालेला काडीमोडही कोर्ट मानू शकते. अट एकच, ती रीत सिद्ध करता आली पाहिजे.

इथेच बाईची अडचण सुरू होते. नवऱ्याने दुसरी बायको केली तर पहिली काय करणार? २००१ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असेच प्रकरण आले होते. नवरा संथाळ, बायको उरांव. आमच्या जमातीत एकच बायको करण्याची रीत आहे, असे तिचे म्हणणे होते. पण दुसरे लग्न रद्दबातल ठरवणारी रीत कोणती, हे तिच्या तक्रारीत नीट मांडलेले नव्हते, आणि नवऱ्यावरचा गुन्हा टिकला नाही. कायद्याने जमातीच्या रीतीला मान दिला, पण ती सिद्ध करण्याचे ओझे बाईच्या डोक्यावर ठेवले, असे माझे मत आहे. आमच्या वाड्यांवर रीत तोंडी असते. पंच बसतात, बोलतात, उठून जातात. म्हणून मी प्रत्येक बैठकीत सांगतो, निवाडा कागदावर घ्या. तारीख, काय ठरले, पंचांची नावे, दोन्ही बाजूंचे अंगठे. वहीचे एक पान पुरते.

आता दुसरे अर्धे. नवरा नांदवत नाही, मुले आईच्या गळ्यात आहेत, अशा वेळी पोटगीचा अर्ज कोणत्याही धर्माच्या, कोणत्याही जमातीच्या बाईला करता येतो. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ कलमाखाली होत असे. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि तेच कलम आता १४४ आहे. अर्ज बाई जिथे राहते तिथल्या कोर्टात चालतो. नवरा कोळशाच्या भट्टीवर दुसऱ्या जिल्ह्यात गेला असला तरी तिला त्याच्या मागे जावे लागत नाही. या अर्जासाठी लग्नाचा अगदी कडक पुरावा लागत नाही, नवरा-बायको म्हणून राहत होते हे दिसले पाहिजे. त्यासाठी रेशनकार्ड, मुलांच्या शाळेचा दाखला, शेजाऱ्यांची साक्ष उपयोगी पडते. म्हाताऱ्या आईवडिलांनाही याच कलमाने मुलाकडे पोटगी मागता येते. मारहाण होत असेल तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे. तो लग्नाशिवाय संसार करणाऱ्या बाईलाही संरक्षण देतो, आणि आमच्या भागात पैसे साठेपर्यंत लग्नाचा विधी लांबवणारी जोडपी कमी नाहीत.

मला सर्वांत जास्त काळजी वयाची वाटते. मुलीचे अठरा आणि मुलाचे एकवीस ही अट सर्वांना आहे, कातकऱ्यांनाही. वाडीवर पंधरा-सोळाव्या वर्षी लग्न लागते, दोघेही राजीखुशीने राहतात, कुणाची तक्रार नसते. मग मुलीला दिवस जातात. तपासणीला सरकारी दवाखान्यात नेले की आधारकार्डावर वय दिसते आणि डॉक्टरांना पोलिसांना कळवावेच लागते. न कळवणे हा त्यांच्याच अंगावर येणारा गुन्हा आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्यात अठराखालील मुलीची संमती मोजली जात नाही, आणि ती बायको असली तरी फरक पडत नाही. मुलगी गरोदर राहिली असेल तर किमान शिक्षा वीस वर्षे. वीस वर्षांच्या वीटभट्टी मजुराला वीस वर्षांची शिक्षा! लग्न लावणारे आणि ठरवणारे आईबापही बालविवाहाच्या कायद्यात सापडतात.

याचा परिणाम असा होतो की घाबरून मुलीला दवाखान्यात नेतच नाहीत. भाटघर किंवा पानशेतच्या पाण्यापलीकडच्या वाडीवर घरीच बाळंतपण, तेही सोळा वर्षांच्या अशक्त पोरीचे. म्हणून मी दोन्ही गोष्टी एका दमात सांगतो. गुन्हा दाखल झाला तरी उपचार नाकारता येत नाहीत, तेव्हा दवाखाना टाळू नका. आणि लग्न ठरतानाच थांबवा. ग्रामसेवक हाच गावासाठी बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. मुलांसाठीचा १०९८ हा फोन दिवसरात्र चालू असतो.

वयाचा दुसरा पेच म्हणजे जन्माची नोंदच नसणे. शाळेचा किंवा जन्माचा दाखला नसेल तर हाडांची तपासणी करून वय ठरवतात, आणि त्यात वर्ष-दोन वर्षांचा फरक सहज पडतो. पोर अठरा पुरी असूनही कागद नाही म्हणून नवरा अडकू शकतो. त्यामुळे जन्मनोंदीचा कागद पोलीस ठाण्यातही कामी येतो.

पाळकांसाठी थोडे वेगळे. वधूवरांपैकी एक जरी ख्रिस्ती असेल तर १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा लागतो. लग्न लावणाऱ्याला त्याचा अधिकार असावा लागतो आणि नोंदवहीत नोंद करावी लागते. बाप्तिस्मा घेतल्याने अनुसूचित जमातीचा दर्जा जात नाही. तो नियम अनुसूचित जातींचा आहे, आणि या दोन गोष्टींची गल्लत फार होते.

चोरीच्या संशयावरून कातकरी उचलला जाणे ही जुनीच गोष्ट. अटकेचे कारण सांगणे, नातेवाइकाला कळवणे आणि चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभे करणे बंधनकारक आहे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत सहसा आधी नोटीस दिली जाते. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अपवादात्मक परिस्थितीतच, तेही न्यायदंडाधिकाऱ्याची परवानगी घेऊन अटक करता येते. खरी अडचण जामिनाची. जामीनदाराकडे सातबारा मागतात, आणि भूमिहीन वाडीत सातबारा असतो कुणाकडे? पण जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार मिळाला नाही, तर त्या माणसाला निर्धन समजून स्वतःच्या हमीपत्रावर सोडले पाहिजे, अशी तरतूद कायद्यातच आहे. ती कोर्टासमोर कुणीतरी मांडावी लागते, एवढेच. भट्टीमालकाची उचल फिटली नाही, हा मात्र काही गुन्हा नव्हे. त्यासाठी पोलिसांची धमकी देणाऱ्याला १९७६ च्या वेठबिगारी कायद्याची आठवण करून द्यावी. भट्टीवर मारहाण झाली तर फिर्याद कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, गावी परतल्यावर भोरलासुद्धा. फिर्यादीची प्रत फुकट मिळते.

वकिलाचा खर्च कोण करणार, हा शेवटचा प्रश्न. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला, तसेच कोणत्याही स्त्रीला, बालकाला आणि कोठडीतल्या माणसाला मिळकत न पाहता सरकारी खर्चाने वकील मिळतो. १५१०० वर फोन करावा किंवा कोर्टातील विधी सेवा समितीकडे साध्या कागदावर अर्ज द्यावा. वाडीवर जातीचे दाखले थोड्यांकडेच आहेत, पण कातकरी बाईचे त्यावाचून अडत नाही. स्त्री म्हणूनच ती पात्र ठरते.